निघालेल्या लोकांनी बांधलेली खोली

आमच्या गल्लीत दुपारी बायका ओट्यावर साड्यांचे लोंबते धागे कापायला बसतात. कारखान्यातून साड्यांचे गठ्ठे येतात. प्रत्येकीच्या हातात एक छोटी कात्री, आणि कात्रीच्या दुप्पट वेगाने चालणारं तोंड! संध्याकाळी ओटा झाडला की धाग्यांचा जेवढा ढीग निघतो तेवढाच किश्शांचाही निघतो. धागे कचऱ्यात जातात. किस्से माझ्याकडे राहतात. मी नवी सून, फारशी बोलत नाही. आणि न बोलणाऱ्या माणसापाशी लोक काहीही ठेवून जातात, बाहेरगावी जाताना शेजारी किल्ली ठेवतात तसं.

माझं माहेर भुसावळचं. दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी सुरतेला आले. सासर तसं अमळनेरच्या पुढच्या एका गावचं, पण बिऱ्हाड इथं, लिंबायतला, रेल्वे लाइन ओलांडली की. आख्खी गल्ली त्या एकाच गावची. पुरुष सगळे सांच्यावर, म्हणजे यंत्रमागावर. कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. घरात अहिराणी, दुकानात गुजराती, आणि शेठसमोर नुसतीच मान. अहिराणी मला समजते, पण बोलायला गेले की सगळ्या हसतात. म्हणून ऐकते.

यातले बरेचसे किस्से गल्लीच्या टोकाच्या एका खोलीचे आहेत. पण त्यांची सुरुवात खोलीपासून होत नाही. खिळ्यापासून होते.

* * *

लग्नात मला मामाने आरसा दिला होता. चांगला मोठा, लाकडी चौकटीचा. सुरतेला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी सासूबाईंना हळूच विचारलं, "बाई, आरशासाठी एक खिळा मिळेल का?"

बाईंनी आप्पांकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे पाहिलं. आप्पा चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली.

"खिळा? चार दिनसाठे भितले भोक कसाले?"

मला वाटलं, घर बदलायचं असेल. नंतर कळलं, आप्पा सुरतेला येऊन वीसेक वर्षं झाली होती! पण ते चार दिवसांसाठीच आले होते. चार दिवसांनी गावाला जायचं, शेत बघायचं, आराम करायचा. त्यामुळे भिंतीला खिळा नाही, झोपायला खाट नाही, दारात झाड नाही. कपडे दोरीवर, आणि दोरीही खिडकीच्या गजांना बांधलेली, म्हणजे निघताना सोडायला सोपी.

माझा आरसा जमिनीवर, पिठाच्या डब्याला टेकून उभा राहिला. लग्नानंतर कितीतरी महिने मी स्वतःचे फक्त पाय बघितले. जोडवी छान दिसायची.

* * *

पहिल्या दिवाळीला माझा भाऊ मला न्यायला आला. बाईंनी पुरणपोळी केली, तूप सढळ हाताने वाढलं. पण ताट ॲल्युमिनियमचं, तेही एका बाजूने चेपलेलं. भावाचं लक्ष पोळीत. बाईंनाच राहवेना.

"आमची ताटं गावाला आहेत हो! स्टीलची. चकचकीत. पेटीत ठेवलीत, कागद गुंडाळून. वाट्यासुद्धा त्याच जोडीच्या."

"हो का?" भाऊ म्हणाला.

"ग्लासवर नावं घातलीत. तोंड दिसतं त्यात!"

भावाने पोळी संपवली, हात धुतले आणि सगळ्यांच्या पाया पडताना म्हणाला, "जेवण तर झालं. आता ताटं बघायला अमळनेरला उतरतो!"

आप्पांचा चेहरा खुलला. त्यांना तो विनोद वाटला नव्हता, पत्ता विचारल्यासारखं वाटलं होतं. त्यांनी त्याला पेटी कुठल्या खोलीत आहे तेही सांगितलं.

* * *

गावाला द्यायचं म्हटलं की मात्र आमच्या गल्लीचे हात सैल. देवळाला कळस, मारुतीला फरशी, विहिरीला कठडा. सगळं सुरतेहून! इकडे आमच्या दारातली गटार उघडी होती, तिच्यावर टाकायला फळी कोणी देत नव्हतं. "इथे कोणाला राहायचंय?"

माझ्या लग्नाच्या आधीच्या वर्षी गल्लीने गावाला कमान बांधायला वर्गणी काढली. गावाच्या तोंडाशी सिमेंटची कमान, वर दोन सिंह, आणि देणाऱ्यांची नावं. उद्घाटनाला आख्खी गल्ली भुसावळ पॅसेंजरने निघाली. तिथे गेल्यावर लक्षात आलं की गावात म्हातारी माणसं आणि पोरं सोडून स्वागताला कोणीच नाही. हार घालणारे सुरतेचे, हार घेणारे सुरतेचे. शेवटी नानांनी (हे आमच्या गल्लीतल्या मंडळाचे अध्यक्ष, निवडून कधी आलेले नाहीत, पण अध्यक्ष) तोडगा काढला. निम्मे पुरुष कमानीच्या आत गेले, निम्मे बाहेर राहिले. बाहेरचे वाजतगाजत आले, आतल्यांनी हार घातले. मग आतल्यांना वाटलं आपलं राहिलंच, म्हणून ते बाहेर जाऊन परत वाजतगाजत आले!

कमानीखाली एक म्हातारी बसली होती. तिने सगळं शांतपणे पाहिलं, मान वर करून सिंह पाहिले, आणि म्हणाली, "दार झकास शे. पन पोरं तं पहिलेच निंघी ग्यात!"

* * *

हे, म्हणजे माझे यजमान, आपल्या आईला 'सुरतनी माय' म्हणतात. सुरतेची आई. मला नवल वाटायचं. तर त्याचीही गोष्ट ओट्यावरच कळली, आणि ती बाईंनीच सांगितली, हसत हसत.

आमच्या गल्लीत शाळा नाही. शाळा लाइनीच्या पलीकडे, शहरात. मालगाडी उभी असली की पोरं तिच्या खालून जातात. म्हणून रीत पडली होती: मूल शाळेच्या वयाचं झालं की गावाला नेऊन ठेवायचं, आजी-काकूकडे. ह्यांना तसंच ठेवलं. ह्यांच्या पाठच्या दोन्ही बहिणींना तसंच ठेवलं. त्या तिथेच मोठ्या झाल्या, तिथूनच सासरी गेल्या. बाई मुलींच्या लग्नाला पाहुण्यासारख्या, पिशवी घेऊन गेल्या.

"याला ठेवल्यावर मी दिवाळीला गेले," बाई सांगत होत्या. "गाडीतून उतरले, घरी आले. हा जावेच्या पदराआड. मी म्हटलं, ये ना रे. तर मला विचारतो कसा, 'तू कोनाकडे येल शे?'"

सगळ्या बायका खळखळून हसल्या. बाईही हसल्या. "मंग मी सांगितलं, तुमच्याकडेच आलेय बापा, पाहुणी!"

पुन्हा हसू. बाईंनी मान खाली घालून कात्री चालवली. त्या दिवशी त्यांच्या गठ्ठ्यातल्या एका साडीचा काठ कापला गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, असं सगळ्या म्हणाल्या.

बाईंचं शेंडेफळ म्हणजे शकू. ती तेव्हा शाळेच्या वयाची होत आली होती. आप्पांनी ठरवून टाकलं होतं, जूनला शकू गावाला. बाई त्यावर काहीच बोलल्या नव्हत्या. आप्पांना वाटलं, बाईंची संमती आहे. पंचवीसेक वर्षांच्या संसारात पुरुषाला एवढंच कळतं!

* * *

संक्रांतीच्या सुमाराला नाना एक बातमी घेऊन आले. शाळाखात्याच्या ऑफिसात त्यांच्या ओळखीचे कोणी होते. त्यांनी सांगितलं की तुमच्या वस्तीत पक्की खोली असेल तर मराठी वर्ग मिळेल. मास्तर खात्याचा, फळा खात्याचा. फक्त खोली तुमची.

ओट्यावर मीटिंग झाली. शाळा पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत. खोली नको यावरही सगळ्यांचं एकमत!

"अरे, आज बांधू, उद्या गावाला जाऊ. मग ती खोली काय डोक्यावर नेणार का?"

"आणि जागा? जागा कोणाची?"

जागा मगनकाकांची. गल्लीतल्या सगळ्या खोल्या त्यांच्याच, भाडं त्यांनाच जातं. टोकाचा एक तुकडा तेवढा मोकळा होता, खड्ड्याचा, कचऱ्याचा. त्यांना विचारायला जायचं कोणी? पुरुषांनी एकमेकांकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मगनकाका भाड्याला आले तेव्हा बाई उठून उभ्या राहिल्या. डोक्यावरून पदर घेतला, आणि मोडक्या गुजरातीत त्यांनी सरळ विचारूनच टाकलं. मी मागे उभी होते.

मगनकाकांनी तुकड्याकडे बघितलं, गल्लीकडे बघितलं.

"तमे लोको तो जवाना ज छो ने?" म्हणजे, तुम्ही लोक तर जाणारच आहात ना?

"हो ना," बाई म्हणाल्या. "चार दिवसांनी."

"जशो एटले रूम मारी!" तुम्ही गेलात की खोली माझी.

"तुमचीच, काका. आम्ही काय डोक्यावर नेणार का?"

मगनकाका खूश. फुकटात पक्की खोली! जागा दिली, वर पायासाठी रोडे, म्हणजे विटांचे तुकडे, पण दिले. तेव्हापासून ते भाड्याला आले की आप्पांना न चुकता विचारतात, "तो क्यारे जवाना?" कधी निघणार? आणि आप्पा न चुकता सांगतात, "बस, चार दिवस!"

दोघेही मनापासून बोलतात.

* * *

जागा मिळाली तरी हात कोणाचेच सुटेनात. विटा कोण देणार? "गावाच्या देवळाला दिल्या असत्या..." नाना म्हणाले.

बाईंनी मात्र आधीच एक काम केलं होतं. गावाहून एक शेजारीण परत यायची होती, तिला त्यांनी निरोप धाडला होता की तुळशीला (आमच्या दारात तुळस नव्हतीच!) माती हवी, आपल्या मारुतीच्या पारापासची आण. ती गाठोडं घेऊन आली. बाईंनी पॉवर बंदच्या दिवशी, म्हणजे सांचे बंद, सगळे पुरुष घरी, अशा वेळी ते गाठोडं उचललं, टोकाच्या तुकड्यावर गेल्या आणि सगळ्यांच्या देखत माती ओतली.

"काय करता वहिनी?" नाना धावत आले.

"मारुतीपासची माती आहे. आता ही गावची जागा झाली. गावाला द्यायला तुमची ना नसते ना कधी?"

कोणी हसलं नाही. एकाने चपला काढल्या. मग त्याचं बघून दुसऱ्याने. आप्पांनी वाकून मातीला नमस्कार केला आणि म्हणाले, "गावचंच म्हटल्यावर मग..."

आठवड्याभरात विटा येऊन पडल्या!

गवंडी आला तो मूळचा नवसारीकडचा. त्याने पाया खणायला घेतला, ती माती चिमटीत धरली आणि कपाळाला हात लावला. "बेन, ही काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते. हिच्यावर भिंत उभी राहत नाही. काढावी लागेल."

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "काढ," त्या हळूच म्हणाल्या. "पण आता नको. बाप्ये कामावर गेले की काढ."

* * *

खोली गवंड्याने एकट्याने बांधली नाही. तो पाया घालून आणि ओळंबा कसा धरायचा ते शिकवून गेला. बाकी गल्लीने. रातपाळीवाले सकाळी सुटून येत, दोन तास विटा लावत आणि झोपत. दिवसपाळीवाले संध्याकाळी येत. दोघांची कधी गाठ नाही. रातपाळीने पूर्वेकडून सुरुवात केली, दिवसपाळीने पश्चिमेकडून. ज्यांनी आयुष्यात सुरतेच्या भिंतीला खिळा मारला नव्हता ते सुरतेत भिंत बांधत होते, आणि ईर्ष्येने बांधत होते. "त्यांच्यापेक्षा आपली वर गेली पाहिजे!"

गेली. दोन्ही वर गेल्या. आणि कोपऱ्यात भेटेनात! मध्ये हातभर फट.

पॉवर बंदच्या दिवशी दोन्ही पाळ्या पहिल्यांदा समोरासमोर आल्या.

"तुमची वाकडी!"

"आमची? डोळ्यांवर झोप घेऊन तुम्ही लावल्या विटा!"

हमरीतुमरी इतकी वाढली की गवंड्याला बोलावून आणलं. त्याने दोन्ही भिंतींना दोरी लावली, ओळंबा सोडला, एक डोळा मिटून बघितलं.

"भिंती दोन्ही सरळ आहेत," तो म्हणाला. "एकमेकींना ओळखत नाहीत, एवढंच."

फटीत तिसरी छोटी भिंत घालून त्याने आतून एक कोनाडा काढून दिला. आता तिथे पाण्याचा माठ बसतो. बरोब्बर बसतो. परके लोक विचारतात, कोनाड्याची ही कल्पना कोणाची?

* * *

माठावरूनही एक किस्सा आहे.

भिंती झाल्या, छपराला लाकूड नव्हतं. मागच्या गल्लीत बौद्धांची वस्ती आहे. तिथले बिऱ्हाडेकाका रेल्वेत गँगमन. रेल्वेने लिलावात काढलेले रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर त्यांच्या लोकांनी घरांसाठी घेतलेले होते. त्यांनी विचारलं, "आमची पोरं बसणार असतील तर तुळयांचं लाकूड आम्ही देतो."

नाना म्हणाले, "वा वा, बसतील की!" आणि स्लीपर आले. काळेभोर, दगडासारखे. उचलायला दोन्ही गल्ल्या लागल्या. तुळया चढल्या, वर पत्रे चढले.

सगळं झाल्यावर ओट्यावर एकीने विषय काढला. नाव सांगत नाही. माझ्या शेजारीच बसते. "बसू दे म्हणा पोरं. पण माठ एकच आहे. त्यांच्यासाठी बाहेर दुसरा ठेवलेला बरा, नाही का?"

नेमक्या त्या वेळी बिऱ्हाडेकाकी गल्लीतून चालल्या होत्या. थांबल्या. आवाज चढवला नाही, काही नाही. एकदा पत्र्याकडे बोट दाखवलं.

"ताई, छपराचं लाकूड आमच्याकडचं आहे. ज्याला चालत नसेल त्यानं उन्हात बसावं!"

आणि गेल्या. ओट्यावरच्या कात्र्या पुन्हा सुरू झाल्या. मग बाई म्हणाल्या, "एकच माठ. जरा मोठा आणा म्हणजे झालं."

* * *

मे संपत आला. खोली तयार, चुना लागला, दार बसलं. नाना ऑफिसात जाऊन तारीख घेऊन आले. साहेब स्वतः येणार, खोली बघणार, मुलं बघणार आणि मग वर्ग द्यायचा की नाही ते सांगणार.

"कोणाला बघणार?" बाईंनी विचारलं.

"मुलं."

तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं. गल्लीत मुलं होती कुठे? पाळण्यातली होती, कडेवरची होती. शाळेच्या वयाची सगळी गावाला! मागच्या गल्लीतली बिऱ्हाड्यांकडची काही, आणि आमची शकू. बस!

नानांनी डोक्याला हात लावला. "वर्ग नव्हता म्हणून पोरं गावाला. आता पोरं गावाला म्हणून वर्ग नाही! परमनंट लफडं झालं हे!"

"मग राहू द्या," आप्पा म्हणाले. "शकू जाईल जूनला. खोली मगनकाका भाड्याने देतील."

ती रविवारची दुपार असावी. सोमवारी सकाळी चहाला बाई घरात नव्हत्या. चुलीजवळ दोन दिवसांच्या भाकरी, शकूची वेणी घातलेली, आणि बाई भुसावळ पॅसेंजरमध्ये. एकट्या! याआधी त्या एकट्या भाजी आणायलाही लाइन ओलांडून गेल्या नव्हत्या. आप्पा दिवसभर ओट्यावर बसून राहिले. "तिला तिकीट काढता येतं का?" असं त्यांनी मला तीनदा विचारलं. मी म्हटलं, "आप्पा, येत असेल."

तिसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी एकच कल्ला झाला. पुढे बाई, आणि मागे पोरांची रांग. कोणाच्या डोक्यावर गाठोडं, कोणाच्या हातात कैऱ्यांची पिशवी, एकाच्या काखेत कोंबडी! गावातल्या सगळ्या आज्यांना आणि काकवांना बाईंनी काय सांगितलं कोण जाणे. विचारलं तर म्हणाल्या, "सांगितलं, दाखवायला नेते."

आया धावत ओट्यावरून उतरल्या. आपापलं मूल ओढून घ्यायला लागल्या. माझी ती शेजारीण, माठवाली, एका पोराला उलटसुलट करून बघत होती. उन्हाने काळं झालेलं, नुकतंच गोटा केलेलं डोकं.

"हा कोणाचा गं?" तिने मोठ्याने विचारलं.

पोराने तिच्याकडे बघितलं. "माय, मी आहे."

* * *

आणि आता साहेबांचा दिवस.

साहेब गुजराती होते, पांढरा बुशशर्ट, सायकलला पिशवी. सकाळीच आले. बाहेर आख्खी गल्ली उभी. आत पोरं मांडी घालून, चोपडलेल्या केसांनी. बिऱ्हाड्यांची पोरं पुढच्या रांगेत. शकू मधोमध. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण तिला सगळं ठाऊक होतं. ती हाताची घडी इतकी घट्ट घालून बसली होती की बोटं पांढरी पडली होती. आप्पा भिंतीला टेकून उभे. घरात त्यांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, साहेब नाही म्हणाले तर परवाच्या पॅसेंजरने शकू बाकीच्या पोरांबरोबर जाईल.

साहेबांनी भिंतीवर थाप मारली, वर तुळया बघितल्या, कोनाडा बघून "सरस!" म्हणाले. मग पोरांकडे वळले आणि एकदम हिंदीत विचारलं, "बच्चो, तुम्हारा गाँव कौनसा?"

नानांनी डोळेच मिटले. आता एकजात सगळी अमळनेरच्या पुढचं नाव घेणार, आणि साहेब विचारणार की मग इथे काय करताय!

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. तेवढ्यात पुढच्या रांगेतली बिऱ्हाड्यांची मुलगी उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "लिंबायत, मराठी शाळा!"

शाळा अजून नव्हतीच. पण ते ऐकल्यावर मागची पोरंही ओरडली, "लिंबायत, मराठी शाळा!" कोंबडीवाला सगळ्यांत मोठ्याने.

साहेब हसले. कागदावर सही केली. "चालशे. सोमवारथी मास्तर आवशे." सोमवारपासून मास्तर येणार!

बाहेर गलका उठला. नाना दिसेल त्याला मिठी मारत सुटले. आप्पा भिंतीचा आधार सोडून सरळ उभे राहिले, आणि शकूने हाताची घडी सोडली.

रातपाळी सुटून हे नेमके तेव्हाच आले होते. केसांवर, भुवयांवर धाग्यांची पांढरी लव, डोळे तारवटलेले. आत पाय न टाकता दाराच्या चौकटीत उभे राहिले, आणि रांगेत बसलेल्या पोरांकडे बघत राहिले.

साहेब निघता निघता बाईंपाशी थांबले. पोरं आणायला गावाला गेलेली बाई ती हीच, हे त्यांना नानांनी सांगितलं असावं. त्यांनी कौतुकाने विचारलं, "आमां तमारुं कयुं, बेन?" यातलं तुमचं कोणतं?

बाईंनी पदर सारखा केला आणि शकूकडे बोट दाखवलं.

"हाई मन्ही."

साहेबांनी मान डोलावली. पण बाईंचं बोट खाली आलं नव्हतं. ते शकूवरून सरकलं, पोरांच्या डोक्यांवरून, दाराकडे गेलं. सगळ्यांनी दाराकडे बघितलं.

"आनि तो बी मन्हाच," बाई म्हणाल्या. "पन त्याले येवाले उशीर व्हई ग्या."